पडद्यावरची डोंगरी आणि आपांची डोंगरी

आमच्या लेकीला मुंबईत नर्सिंगच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला, तेव्हा घरात आधी पेढे वाटले गेले आणि मग वाद झाला. कॉलेज भायखळ्याच्या बाजूला. वसतिगृहात जागा शिल्लक नव्हती. पण राहण्याची सोय जणू तयारच होती. तिची सख्खी फुफी, म्हणजे आमच्या मोठ्या आपा, लग्न होऊन डोंगरीत गेल्या त्याला पस्तीस वर्षे झाली. डोंगरीहून सँडहर्स्ट रोड स्टेशन चालत गाठायचे आणि तिथून भायखळा लोकलचे एकच स्टेशन. यापेक्षा सोयीचे काय असणार?

पण अम्मी अडून बसल्या. “पोरीला डोंगरीत ठेवणार? तिथे दिवसाढवळ्या गोळ्या चालतात. माझ्या जिवात जीव राहणार नाही.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. डोंगरीत राहणाऱ्या आपा अम्मींच्याच पोटच्या. त्यांच्या तिन्ही बाळंतपणांना अम्मी स्वतः तिथे जाऊन राहिलेल्या. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळचे मालपुवे, नळ बाजारातली भाजी, खालच्या दुकानदाराशी केलेली घासाघीस, हे सगळे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलेले. त्या पस्तीस वर्षांत त्यांनी एकदाही गोळीचे नाव काढले नव्हते. मग आताच हे कुठून आले?

उत्तर धाकट्या मुलाच्या मोबाईलमध्ये सापडले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे अम्मींचा प्रवास बंद झालेला. संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून नातू त्यांना मालिका लावून द्यायचा. त्यातली एक होती ‘बंबई मेरी जान’. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ती अमेझॉन प्राइमवर आली. डोंगरीतला एक प्रामाणिक पोलीस इस्माईल कादरी आणि गुन्हेगारीच्या वाटेने निघालेला त्याचा मुलगा दारा यांची ती गोष्ट. मुंबईच्या गुन्हेगारी जगतावर पुस्तके लिहिणारे पत्रकार एस. हुसैन झैदी यांच्या कथेवर ती बेतलेली आहे. के. के. मेनन यांनी बापाचे काम फार चांगले केले आहे, हे मान्य करायला हवे. पण त्यातली मारामारी आणि शिवीगाळ पाहता ती आजी-नातवाने एकत्र बसून पाहण्यासारखी नाही, हेही तितकेच खरे.

आम्हाला वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. अम्मींनी डोंगरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तरीही दहा भागांच्या मालिकेने त्यांच्या पस्तीस वर्षांच्या आठवणी पुसून टाकल्या. ज्यांनी ती वस्ती कधी पाहिलेलीच नाही, त्यांचे काय होत असेल?

वाद मिटेना, तेव्हा आम्ही ठरवले: आपण तिघे जाऊन चार दिवस राहून येऊ. मास्तरकीच्या सवयीने लेकीला एक वहीही घ्यायला लावली. एका पानावर ‘मालिकेतले’ आणि समोरच्या पानावर ‘पाहिलेले’.

उलट दिशेची गाडी

२०२४ च्या सप्टेंबरात गणपतीची सुट्टी लागली होती. कोकणात उर्दू शाळांनाही ही सुट्टी असते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. सगळी मुंबई कोकणात उतरलेली, त्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या कोकणकन्येत चक्क जागा मिळाली. खेडहून रात्री बसलो.

झोप येईना, तेव्हा लेकीने विचारले, “पण त्या मालिका अगदीच खोट्या कशा असतील? कोणीतरी पाहूनच लिहीत असेल ना?”

प्रश्न रास्त होता. आम्ही तिला २०१६ सालची आठवण सांगितली. तेव्हा झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका जोरात होती. सिंधुदुर्गातले आकेरी गाव, जुना वाडा, नाईकांचे घराणे, खून आणि भुताटकी. त्या वर्षी एका प्रशिक्षणासाठी आम्ही घाटावर गेलो होतो. तिथल्या एका शिक्षक मित्राने अगदी गंभीरपणे विचारले, “तुमच्याकडे रात्री बाहेर पडता येते का हो?” सगळे हसले, आम्हीही हसलो. पण मनात आले, आमच्या गावात रात्री माणसे बाहेर पडत नाहीत ती भुतामुळे नव्हे. रस्त्यावर दिवे नाहीत आणि शेवटची एसटी साडेसातला जाते म्हणून. मालिकेतला वाडा खरा होता, बोली खरी होती, चिरेबंदी अंगणही खरे होते. नव्हता तो कोकणातला रोजचा दिवस.

मिर्झापूरच्या लोकांनाही हाच अनुभव आला. २०१८ साली त्या नावाची मालिका आली. पुढे तिथल्या खासदार अनुप्रिया पटेल यांनी उघड तक्रार केली की आमच्या जिल्ह्याची बदनामी होते आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले. मिर्झापूर गालिचे आणि पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जात होते. आज ते नाव घेतले की पोरांना बंदूक आठवते.

आमच्या खेड तालुक्याचीही हीच गत आहे. ज्या माणसाची सावली ‘बंबई मेरी जान’वर आहे, त्याचे मूळ गाव आमच्याच तालुक्यातले. त्याचा बापही पोलीस खात्यात हवालदार होता. सरकारने तिथल्या त्याच्या जमिनीचा लिलाव काढला की तालुक्याचे नाव बातम्यांत येते. एरवी, चांगल्या निकालाच्या वेळी, कोणी विचारायला येत नाही.

गल्लीच्या तोंडाशी

पहाटे सीएसएमटीला उतरलो. स्टेशनसमोर अंजुमन-ए-इस्लामची देखणी इमारत उभी आहे. संस्था १८७४ ची, ही इमारत १८९३ ची. संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, जे १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लेकीने वहीत पहिली नोंद केली.

टॅक्सी न करता आम्ही चालत निघालो. क्रॉफर्ड मार्केटजवळ जामा मशीद लागते. तिचे बांधकाम १७७५ मध्ये सुरू होऊन १८०२ मध्ये पुरे झाले. मशिदीच्या खाली पाण्याचा जुना तलाव आहे आणि त्याच पाण्यावर वुजू होतो. या मशिदीशी कोकणी मुसलमानांचा संबंध पहिल्यापासूनचा. जवळच्या नाखुदा मोहल्ल्याचे नावच जहाजाच्या कप्तानांवरून पडले. आमच्या दादाजींसारखी किती माणसे बोटीवर चढण्याआधी याच भागातल्या ‘गावच्या खोली’त राहिली असतील! एका खोलीत वीस जण, प्रत्येकाची भिंतीला एक खुंटी आणि एक पेटी. बोट लागेपर्यंतचा मुक्काम. मुंबईच्या इतिहासातला हा केवढा मोठा भाग, पण गुन्ह्याच्या मालिकेत जहाजावरून येतो तो फक्त तस्करीचा माल.

मोहम्मद अली रोडवर डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल धावतो. २००२ पासून गाड्या वरून जातात आणि वस्ती खाली राहते. वरून जाणाऱ्याला तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या तेवढ्या दिसतात. आम्हाला वाटले, मालिकावाल्यांचेही असेच होत असावे. ते वरून पाहतात.

डोंगरीच्या गल्लीत शिरलो तेव्हा साडेसात वाजले होते. मालिकेत अशी गल्ली आली की आधी अंधार असतो, मग धूर, कुठे तरी कोंबड्या कापण्याचा सुरा आणि मागे अजानचा आवाज. आम्हाला दिसले ते असे: दुधाचे कॅन, शाळेच्या गणवेशातल्या मुली, आईच्या हातात धाकट्याचे दप्तर, पावाची लादी घेऊन सायकलवाला, आणि सगळ्यांची वाट अडवून उभी असलेली एक हातगाडी. गाडीवर एवढी खोकी रचलेली की ओढणारा दिसेना. तिच्या मागे पाऊण किलोमीटर आम्ही मुंगीच्या पावलांनी चाललो. लेक म्हणाली, “इथे पाठलाग कसा करणार? चोर आणि पोलीस दोघेही हातगाडीच्या मागेच राहतील.” वहीत दुसरी नोंद झाली.

आपांची खोली

आपा दारातच उभ्या. सलाम-दुआ झाली, गळाभेट झाली, चहा झाला. आपांची खोली तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय पंधराची, वर पोटमाळा. मालिकेतल्या डोंगरीकराच्या घरात कॅमेरा फिरवायला ऐसपैस जागा असते. आपांच्या घरात पाहुणे आले की शिलाई मशीन बाहेर गॅलरीत जाते. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. पाणी पहाटे येते, तेव्हा मजल्यावरच्या साऱ्या बायका जाग्या असतात.

आपा दिवसभर काय करतात, हे लेकीने पहिल्यांदाच पाहिले. सकाळी शिलाई. दुपारी मोहल्ल्यातल्या दहा-बारा मुली कुरआन शिकायला येतात. मगरिबनंतर भिशीचा हिशेब, आणि तोही वहीत, सहीनिशी. समोरच्या खोलीतली बाई कार्यालयांत डबे पोहोचवते. वरच्या मजल्यावरची मुलगी सीएची तयारी करते. मालिकांत आमच्या वस्तीतल्या बाईला दोनच कामे असतात: तस्बीह घेऊन मुलासाठी रडायचे, नाहीतर खिडकीतून नायकाकडे बघायचे. घर चालवणारी बाई तिथे औषधालाही नसते.

“आपा, गोळ्यांचा आवाज कधी ऐकला का?” आम्ही विचारलेच.

आपा थोडा वेळ गप्प बसल्या. “ऐकला. ब्याण्णवच्या डिसेंबरात आणि त्र्याण्णवच्या जानेवारीत. तो दंगलीचा होता. तान्ही पोर मांडीवर घेऊन या पोटमाळ्यावर रात्री काढल्या. आमच्या मजल्यावरची दोन कुटुंबे त्यानंतर मुंब्र्याला गेली ती परत आली नाहीत. मग मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यात मेलेलीही माणसेच होती.” बाहेर कोणीतरी पाण्याची मोटर चालू केली. “टोळीवाल्यांचे म्हणशील तर त्यांची नावे आम्हीही तुमच्यासारखी पेपरातच वाचली.”

टोळ्या इथे नव्हत्याच, असे कोणी म्हणू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांत डोंगरी, नागपाडा, पायधुनी या भागात तस्करी होती, टोळीयुद्धे होती, माणसे मेली. मालिका ते दाखवते, आणि दाखवावेच. पण ती सोन्याच्या बिस्किटांची पेटी दाखवते, सोने चोरून आणण्यात एवढा फायदा का होता ते सांगत नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोने बाळगण्यावर आणि व्यापारावर कडक बंधने घातली होती. परदेशी घड्याळ, कापड, रेडिओ सरळ मार्गाने मिळत नव्हते. १९९० साली तो कायदा रद्द झाला, पाठोपाठ आयात खुली होत गेली आणि त्या धंद्याची कंबर मोडली. दुसरीकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि सगळ्याच धर्मांची तरुण पोरे रिकामी झाली. ही कारणे नागरिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहेत. ती गाळली की प्रेक्षकाला वाटते, गुन्हा या गल्लीच्या मातीतच आहे. या समाजाच्या रक्तातच आहे, असे वाटायला मग फार वेळ लागत नाही.

हवालदारचाचांची साक्ष

आपांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात. मूळचे दापोलीकडचे, साऱ्या मजल्यांचे चाचा. लेकीची वही त्यांना फार आवडली. “लिही,” ते म्हणाले, “तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी गोळी झाडली ती फक्त सरावाच्या मैदानावर.”

मग काम काय असायचे? “बंदोबस्त. मोहरमचा, गणपतीचा, रमजानच्या रात्रींचा, मंत्र्यांचा. पासपोर्टची चौकशी. हरवलेले पोर. भाडेकरू-मालकाचे भांडण. पंचनाम्याला पंच शोधणे, कारण कोणीच तयार होत नाही. आणि कोर्टाच्या तारखा.”

चाचांना टीव्हीचे वावडे नाही. दूरदर्शनवरची मराठी ‘एक शून्य शून्य’ त्यांना आठवते. आम्हालाही लहानपणीची अंधुक आठवते. त्यातले शिवाजी साटम पुढे १९९८ पासून वीस वर्षे सोनीवरच्या ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न झाले. “माणूस चांगला,” चाचा म्हणाले, “पण त्यांचा फॉरेन्सिकचा अहवाल जाहिराती संपायच्या आत येतो. आमचा मुद्देमाल कालिन्याच्या प्रयोगशाळेत गेला की आम्ही महिनोन्महिने वाट बघायचो. आणि दरवाजा तोडला तर त्याचा खुलासा कोणी लिहायचा?”

खऱ्याच्या जवळ जाणारे काही पाहिले का, असे विचारले तेव्हा त्यांनी २०१८ च्या ‘सेक्रेड गेम्स’मधल्या हवालदार काटेकरचे नाव घेतले. जितेंद्र जोशी यांनी केलेले ते काम. बाकी मालिका चाचांना सहन झाली नाही, घरात लावण्यासारखी ती नाहीच. “पण तो काटेकर घरी येतो, बायकोशी मराठीत बोलतो, पैशाची ओढाताण, पाय दुखलेले. तो माणूस मी ड्युटीवर रोज पाहिला आहे.”

चाचांच्या दोन्ही मुली महापालिकेच्या शाळांत शिकवतात. मुलगा औषधांच्या कंपनीत आहे. आम्ही मनात म्हटले, डोंगरीतला प्रामाणिक हवालदार आणि त्याची मुले, गोष्ट तीच आहे. या घरातली मुले बिघडली नाहीत, म्हणून या घरावर मालिका निघत नाही.

निघताना चाचांनी एक गोष्ट सांगितली. मुलाच्या पहिल्या मुलाखतीला समोरच्या साहेबाने अर्जावरचा पत्ता वाचला आणि हसून विचारले, “डोंगरी? म्हणजे भाईलोकांमधले का?” नोकरी मिळाली नाही. कारण तेच होते असे चाचा म्हणत नाहीत. पण त्यानंतरच्या अर्जांवर मुलाने पत्त्यात ‘डोंगरी’ऐवजी ‘मुंबई ९’ एवढेच लिहिले. लेकीने ही नोंद कुठल्या पानावर करायची, असे विचारले. आम्हाला सांगता आले नाही.

दोन दिवसांची भटकंती

पुढचे दोन दिवस आम्ही नुसते फिरलो. उमरखाडीच्या निरीक्षणगृहाची जुनी भिंत पाहिली. इथेच पूर्वी डोंगरीचा तुरुंग होता. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना इथे ठेवले होते आणि आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले. मराठीच्या तासाला आम्ही आगरकर शिकवतो, पण हा तुरुंग आपांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे, हे आमच्याही कधी लक्षात आले नव्हते.

इमामवाड्यात १८६० सालची इराणी मशीद आहे. निळ्या नक्षीदार फरशा, आत बाग, मधोमध हौद, आणि वर घुमट नाही. त्या हौदाजवळ बसले की आपण मुंबईत आहोत हे विसरायला होते. पलीकडे भेंडी बाजारात बोहरा समाजाचा रौजत ताहेरा, संगमरवरी, आत भिंतींवर सोन्याच्या अक्षरांत कुरआन. त्याच भेंडी बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेतून आलेल्या उस्तादांनी गाण्याचे घराणे उभे केले. त्या घराण्याच्या अमान अली खाँकडे लता मंगेशकर शिकल्या. नागपाड्यात पोरे बास्केटबॉल खेळत होती. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच नागपाड्यातून पुढे आले.

मशीद बंदर स्टेशनजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर एक जुने सिनेगॉग आहे. १७९६ साली सॅम्युअल दिवेकर या बेने इस्राईल सरदाराने बांधलेले. हे लोक मराठी बोलणारे, आमच्याच कोकणपट्टीतले. ते आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आणि स्टेशनला नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. लेकीला हे फार नवल वाटले.

तिच्या वहीत आणखी एक गोष्ट होती. मालिकेतले सारे डोंगरीकर एकाच ठशाचे असतात: डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज आणि तोंडी “अपुन-तेरेको”. इथे एका दुपारी तिने मोजले: आपांच्या तोंडची कोकणी, किराणावाल्याची मेमनी, रिदावाल्या बाईंची गुजराती वळणाची बोहरी बोली, हातगाडीवाल्याची भोजपुरी, बेकरीवाल्याचे उर्दू, पोस्टमनचे मराठी. सुन्नी, शिया, खोजा, बोहरा, मेमन, कोकणी, प्रत्येकाची जमात वेगळी, लग्नाच्या रीती वेगळ्या.

आणि आम्ही गेलो तो आठवडाच मोठा होता. एका नाक्यावर गणपतीचा मांडव, पुढच्या नाक्यावर मिलादचे हिरवे तोरण. त्या वर्षी ईद-ए-मिलाद १६ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ ला येत होती. पोलिसांवर आणि शहरावर ताण येऊ नये म्हणून मुंबईच्या मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक १८ तारखेला काढायचे ठरवले. आदल्या वर्षी दोन्ही सण एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले, तेव्हाही मिरवणूक दुसऱ्या दिवशी निघाली होती. चाचा म्हणाले, “दंगल झाली असती तर सात भागांची मालिका झाली असती. झाली नाही, म्हणून एक ओळ पेपरात.”

खरी भीती कशाची

तिसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला. मध्यरात्री जाग आली तर आपा उठून बसलेल्या, हातात टॉर्च, नजर छताच्या कोपऱ्याकडे. गॅलरीत लाकडी टेकू लावलेले आम्ही पहिल्याच दिवशी पाहिले होते, पण तिकडे लक्ष दिले नव्हते.

“तुम्ही गोळ्यांचे विचारता,” आपा हळू आवाजात म्हणाल्या. “मला भीती ह्याची आहे.”

१६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला आणि दहाहून अधिक माणसे गेली. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडून तीसहून अधिक. दोन्ही वेळा आपांनी ढिगाऱ्याकडे धावणारी माणसे पाहिली. या इमारती बहुतेक १९४० च्या आधीच्या. भाडे त्याच काळात गोठवलेले, पुढे पागडीची पद्धत. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, जागा सोडली तर परत मिळेल कशावरून? म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. यादीत नाव आले की संक्रमण शिबिर, तेही लांबच्या उपनगरात, आणि काहींची त्यातच पिढी गेली. शेजारी भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकास चालू आहे, उंच टॉवर उभे राहत आहेत. आपा रोज ते टॉवर पाहतात.

आम्ही आजवर पाहिलेल्या गुन्ह्याच्या एकाही मालिकेत आम्हाला हा टेकू दिसलेला नाही. डोंगरीत माणसे कशाने मरतात, हे विचारायला कोणी आलेच नाही. मालिका पाहणारा गल्लीत शिरताना माणसांकडे संशयाने बघतो. गल्लीतली माणसे वर, छताकडे बघत असतात.

आमचा निर्णय त्या रात्री सोपा झाला नाही, उलट अवघड झाला. आलो होतो अम्मींची भीती खोटी ठरवायला, आणि दुसरी, खरी भीती सापडली. शेवटी आपांनीच मार्ग काढला. “पोर आठ महिने माझ्याकडे राहील. जून लागला की पावसाळाभर मुंब्र्याला मामूंकडे. लोकलने भायखळा लांब पडेल, पण छत पक्के आहे.”

“आणि तुम्ही, आपा?” लेकीने विचारले. आपांनी उत्तर दिले नाही. चादर सारखी करून झोप म्हणाल्या.

घरी आल्यावर

घरी आल्यावर लेकीने दादीला वही वाचून दाखवली. अम्मी ऐकत गेल्या आणि हळूहळू त्यांच्या स्वतःच्या आठवणी परत येऊ लागल्या. “अगं, तो तिसऱ्या मजल्यावरचा नळ अजून गळतो का?” मोबाईलने झाकलेली डोंगरी खाली शाबूत होती. फक्त कोणीतरी विचारायला हवे होते.

शिक्षक म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांच्या हातून मालिका हिसकावून घेऊन उपयोग नाही, ती मित्राच्या मोबाईलवर दिसतेच. त्यापेक्षा त्यांच्याजवळ बसावे आणि प्रश्न विचारावेत. हे लोक पाणी कुठून भरतात? यांच्या घरात कमावते कोण? या गल्लीत शाळा का दाखवत नाहीत? गुन्हा करणाऱ्याचा मोहल्ला कळला, पण ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचा मोहल्ला कोणता? मुले स्वतःच उत्तरे शोधू लागतात. आणि त्या शहरात आपले कोणी नातेवाईक असतील, तर सुट्टीत चार दिवस तिथे जाऊन राहावे.

आता या गोष्टीला वर्ष होत आले. लेक डोंगरीतून कॉलेजला जात होती. दर रात्री अम्मी फोनवर विचारायच्या, “काय गडबड?” आणि ती सांगायची, “आज पाणी आले नाही, दादी,” किंवा “आज हातगाडीमुळे लोकल चुकली.” जूनमध्ये ठरल्याप्रमाणे ती मुंब्र्याला गेली.

आपांच्या इमारतीचे नाव यंदाच्या यादीत आले नाही. त्याचा आनंद मानावा की नाही, हे आम्हाला अजून कळलेले नाही. पाऊस जोरात लागला की आता अम्मी आधी मुंब्र्याला नव्हे, डोंगरीला फोन लावतात.